लिंबाकडची भिंत

माझ्या हातांना टीसीएलचा वास येतो, असं माझी बायको लग्न झाल्या आठवड्यात म्हणाली आणि अजून म्हणते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी म्हणते. टीसीएल म्हणजे गावोगावच्या विहिरीत आणि टाकीत टाकतात ती क्लोरिनची पांढरी पावडर. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत एकतीस वर्षं मी ती कालवली. हातमोजे मिळायचे, पण घालतो कोण? माझ्या तळहातांची कातडी पांढरी पडून भेगाळली आहे. हिवाळ्यात चहाचा कप धरला तरी चरचरतं.

पण एक सांगतो, त्या पावडरीबद्दल मला कुणी वावगं बोललेलं खपायचं नाही. पाथर्डीकडच्या एका गावात मी नवीन असताना गॅस्ट्रोची साथ बघितली. ऊसतोडीहून परतलेली माणसं, ट्रॅक्टरमधून बाडबिस्तरा उतरतोय न उतरतोय तोच एकेक आडवा व्हायला लागला. देवळाच्या ओट्यावर सलाइनच्या बाटल्या बाभळीच्या काठ्यांना टांगलेल्या. मी विहिरीत पावडर सोडली, रोज सोडली, आणि आठवड्यात ओटा रिकामा झाला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला. पाण्यात जे वळवळतं ते वाईट, आणि ते मारणारा मी चांगला. एवढा सोपा हिशेब असलेला माणूस सुखात असतो, मी होतोच.

आता अब्बांचं सांगतो. माझे वडील. भिंगारला आमचं घर आहे, आणि घरापासून शंभर पावलांवर आमची मशीद. अब्बांचा धंदा कल्हईचा. भांड्यावर एक डाग राहिला तर गिऱ्हाइकाला भांडं परत न देणारा माणूस. घरात आमची बोली दखनी, पण बाजारात बसून अब्बांना मराठीची अशी सवय लागली की रागावले किंवा मनापासून काही सांगायचं असलं की ते मराठीतच बोलायचे. अम्मी म्हणायची, तुमच्या बापाचं मराठी सुरू झालं की गप बसा.

मशिदीच्या अंगणात वजू करायला दगडी हौद आहे. चौकोनी, छातीभर खोल. आता बाजूला नळ झालेत, तरी म्हातारी मंडळी हौदावरच हातपाय धुतात. हौदात मासे. नारिंगी, पांढरे, दोन काळे. एका काळ्याची शेपटी फाटकी, बहुतेक मांजरानं लहानपणी धरलेली. सगळे मिळून सतरा. त्यांची जात कोणती हे कधी कुणी विचारलं नाही, आणि ते खायचे नसतात हे कुणाला सांगावं लागलं नाही. त्यांचं सगळं अब्बा बघायचे. सकाळच्या नमाजनंतर खिशातून कणकेच्या गोळ्या काढायच्या, पाण्यावर बोटानं टकटक करायचं, की आधी फाटक्या शेपटीचा वर यायचा.

दर वर्षी रमजानच्या आधी अब्बा हौद धुवायचे. त्याची त्यांची एक रीत होती. मासे हौदातल्याच पाण्यासकट दोन मोठ्या पिपांत काढायचे. हौद उपसायचा. तीन भिंती नारळाच्या शेंडीनं घासायच्या. चौथी भिंत, अंगणातल्या कडुलिंबाकडची, तिला हात लावायचा नाही. ती तशीच हिरवीगार, बुळबुळीत ठेवायची. मग नवं पाणी भरायचं आणि पिपातलं ते जुनं गढूळ पाणी माशांसकट परत आत ओतायचं.

लहानपणी मी विचारलं होतं, ती भिंत का नाही घासायची? तर म्हणाले, नाही घासायची. संपलं. गल्लीतले लोक त्यांची थट्टा करायचे, चौथी भिंत जावयासाठी राखून ठेवलीय वाटतं. अब्बा हसायचे. मीही पुढे त्या थट्टेत सामील झालो. पाण्याच्या खात्यात लागल्यावर तर मला ते फारच अडाणीपणाचं वाटायला लागलं. जो माणूस पातेल्याच्या बुडावरचा ठिपका सोडत नाही, तो अख्खी भिंत सोडतो, याला काय म्हणायचं.

या वर्षी अब्बांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे इतके पिकले होते की चार-पाच वर्षांपासून त्यांना मासे दिसतच नव्हते. पाण्यात काहीतरी हलतंय एवढं कळायचं, बाकी टकटक आणि अंदाज. ऑपरेशनला ते आधी तयारच नव्हते. ब्याऐंशी वर्षांचा झालो, आता काय बघायचं राहिलंय, असं म्हणायचे. शेवटी माझी बायको म्हणाली, अब्बा, मासे बघायचे नाहीत का? त्यावर ते तयार झाले. दवाखान्यात जाताना रिक्षात मला म्हणाले, डोळा आला की आधी मासे बघणार, मग तुम्हा लोकांना. मी म्हटलं, बरोबर आहे, आमच्यात बघण्यासारखं आहेच काय.

डॉक्टरांनी महिनाभर जपायला सांगितलं. काळा चष्मा, धूळ नको, पाणी नको, वाकायचं नाही. नवा चष्मा मिळेपर्यंत सगळं धूसरच दिसणार होतं. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब. ते टाकायचं काम माझ्याकडे.

आणि रमजान तर तोंडावर आलेला. हौदाचं पाणी पालकाच्या रसासारखं हिरवं झालं होतं. मशिदीच्या जमातीतल्या मंडळींनी मला गाठलं आणि म्हणाले, तुम्ही पाण्यातले माणूस, या वर्षी तुम्हीच बघा. इमामसाहेब म्हणाले की शेवाळानं पाणी नापाक होत नाही, घाई करू नका. पण मला ‘पाण्यातले माणूस’ एवढंच ऐकू आलं. निवृत्त माणसाला कुणी काम सांगितलं की त्याची छाती कशी फुगते ते निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही.

अब्बांना सांगितलं. ते पलंगावर काळा चष्मा लावून पडले होते. एवढंच म्हणाले, लिंबाकडच्या भिंतीला हात लावू नको. मी म्हटलं, बरं.

बरं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी चारही भिंतींना टीसीएलचा लेप दिला.

मासे मी नीट काढले होते, तेवढी अक्कल होती. क्लोरिननं मासा मरतो हे मला माहीत नसेल तर कुणाला? दोन पिपं, हौदाचंच पाणी, वर जाळी, लिंबाच्या सावलीत. मग लेप. दिवसभरात भिंती पांढऱ्याफटक पडल्या. लिंबाकडच्या भिंतीवरचा थर तर बोटभर जाड होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा. तो फेसाळला, तपकिरी झाला, गोधडीसारखा सुटून खाली आला. खाली दगड निघाला तो चक्क गुलाबीसर. मला इतका आनंद झाला की मी मोबाईलवर फोटो काढला. मग धुतलं, बोअरचं पाणी भरलं, आणि कसर नको म्हणून भरलेल्या पाण्यातही पावडर सोडली.

चार दिवस ऊन खाऊ दिलं. मग माझी जुनी तपासणीची पेटी काढली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरिन आहे, नाही झालं तर नाही. तीनदा तपासलं. तिन्ही वेळा पाणी नितळ राहिलं. म्हणजे क्लोरिन उडून गेलेला, धोका शून्य. मासे हातजाळीनं एकेक उचलून आत सोडले. पिपातलं ते घाण पाणी मात्र आत घातलं नाही. कशाला घालू? लिंबाच्या मुळाशी, नाल्यात ओतून दिलं.

त्या दिवशी घरी येऊन अब्बांच्या डोळ्यात थेंब टाकायला वाकलो. त्यांनी विचारलं, पाणी कसं हाय? म्हटलं, काचेसारखं. त्यांनी दुसरा डोळा पुढे केला.

शुक्रवारी नमाजला आलेला प्रत्येक माणूस हौदापाशी थांबला. तळ दिसत होता. लिंबाकडच्या भिंतीच्या थरात गाडलेली, कुणाची तरी कित्येक वर्षांपूर्वी पडलेली अंगठी सापडली होती. पोरं माशांचे व्हिडिओ काढत होती, कारण मासे पहिल्यांदाच धड दिसत होते. मी खांबाला टेकून उभा होतो, आपलं काही नाही असं तोंड करून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी त्या दिवशी अगदी मानानं दाखवत होतो.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मला वाटलं, कणीक मागतायत. कणीक टाकली, एकानंही खाल्ली नाही. त्यांचे कल्ले लालभडक दिसत होते. संध्याकाळी एक पांढरा मासा कुशीवर तरंगत होता. म्हातारा असेल, असं म्हणून मी तो लिंबाखाली पुरला.

दुसऱ्या दिवशी चार मेले.

पेटी काढली, तपासलं, नितळ. परत तपासलं. क्लोरिन शून्य. मग हे मरतायत कशानं? भिंतीवर पुसटसा हिरवा हात फिरल्यासारखं काही दिसायला लागलं होतं, म्हणून मी ती रोज सकाळी फडक्यानं पुसून काढत होतो. वाटलं, पुसण्यात काही राहिलं असेल. आणखी जोरात पुसलं. आज ते आठवलं की माझे हात मलाच नकोसे होतात.

आठव्या दिवशी पाचच उरले. बारा मासे मी पुरले होते. आणि दिवसातून चार वेळा अब्बांच्या डोळ्यात थेंब टाकत होतो. प्रत्येक वेळी त्यांचा तोच प्रश्न, पाणी कसं हाय? आणि माझं तेच उत्तर, काचेसारखं. एकदा त्यांनी विचारलं, फाटक्या शेपटीचा येतो का वर? म्हटलं, येतो. ते खोटं नव्हतं, तो येत होता, पण श्वास घ्यायला येत होता.

शहरात शोभेचे मासे विकणारं एक दुकान आहे. मी मोटारसायकल काढली आणि गेलो. गल्ल्यावर माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी बसली होती. मी सगळं सांगितलं, तपासणीचंही सांगितलं, थोडं ठासूनच सांगितलं. तिनं विचारलं, भिंती कशानं धुतल्या? म्हटलं, टीसीएल. चारही? चारही. जुनं पाणी थोडं तरी परत घातलं का? म्हटलं, नाही, घाण होतं ते.

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मला समजावलं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच मुततो, आणि ते मूत त्याला विषच असतं. भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते हे विष खाऊन टाकतात. शेवाळही त्यातलं खातं, आणि उन्हात पाण्याला हवा देतं. नव्या पाण्यात हे जीव वाढायला महिना लागतो. म्हणून जुनं थोडं राखायचं असतं.

“काका, क्लोरिन उडून गेला ते बरोबर,” ती म्हणाली. “पण जाताना त्यानं मासे सांभाळणारे सगळे मारून टाकले. आता ते स्वतःच्याच मुतात मरतायत.”

मी तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. एकतीस वर्षं मी पाण्यातलं काय काय मारलं याचा विचार मी कधीच केला नव्हता. मारायलाच पाहिजे होतं, तेही खरं, त्या ओट्यावरच्या माणसांसाठी मी आजही मारीन. पण पाण्यात कामाचंही कुणी राहत असेल, कुणाची तरी घाण उचलत असेल, हे मला साठीनंतर एका पोरीनं सांगावं? आणि ते अब्बांना माहीत असावं, ज्यांनी शाळेची पायरी ओलांडली नाही? विरजणाचा चमचा राखून ठेवतात तशी ते भिंत राखून ठेवत होते, आणि मी त्यांना अडाणी म्हणत होतो.

तिनं सांगितलं, रोज निम्मं पाणी बदला, आणि हौदाचं जुनं काही कुठे उरलं असेल तर ते आणून घाला. पण कुठे उरलं असेल हे एकाच माणसाला माहीत असणार होतं.

घरी आलो. अब्बा पलंगावर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. लिंबाकडची भिंत, पिपातलं पाणी, बारा मासे, रोजचं खोटं. सांगताना रडू आलं, त्याची लाज वाटली नाही. अब्बांनी ऐकून घेतलं. मग मराठीत बोलले.

“मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं. तू थेंब टाकाया वाकलास, अन्‌ हाताला ताजा वास आला.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

“तू जलमभर पान्यात काम केलंस. म्हनलं, ह्याला आपल्यापेक्षा जास्त ठावं असंल. गप बसलो.”

थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझ्या शिक्षणावर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासाला मी रोज चार वेळा त्यांच्या डोळ्यावर वाकून फसवत होतो.

मग ते उठले. डॉक्टरांनी नाही म्हटलंय, असं माझी बायको म्हणत राहिली, त्यांनी ऐकलं नाही. काळा चष्मा, माझ्या खांद्यावर हात, अशी शंभर पावलं आम्ही चाललो. हौदाशी गेल्यावर ते लिंबाकडच्या काठावर बसले आणि बाही वर करून पाण्यात हात घातला. भिंतीवरून तळवा फिरवला. तिथे खरखरीत दगड लागला. चटका बसावा तसा त्यांनी हात बाहेर काढला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“ह्या भिंतीला माझ्या बापानंबी हात लावला नव्हता,” ते म्हणाले.

त्यांनी मला एकच विचारलं, पिपातलं पाणी कुठं टाकलंस? म्हटलं, लिंबाच्या नाल्यात. ते म्हणाले, चल. हौदाचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्या नाल्यातून लिंबाला जातं. नळाच्या गळतीनं तो नाला कधी सुकत नाही. नाल्यावरच्या दगडी फरशीखाली हात घालून त्यांनी चाचपलं आणि मला खाली बघायला लावलं. फरशीच्या खालच्या अंगाला हिरवा, बुळबुळीत थर होता. तोच, हौदातून वाहून आलेला. माझा लेप तिथवर पोहोचला नव्हता, लेप धुतलेलं पाणी मी बाहेरच्या गटारात सोडलं होतं. मी त्या फरशीचे तीन दगड काढले, आणि उरलेले पाच मासे त्या दगडांसकट पिपात घातले. रोज निम्मं पाणी बदललं. अब्बांनी सांगितलं तसंच केलं, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

तरी चार मेले. फार उशीर झाला होता.

महिना संपला. डॉक्टरांनी काळा चष्मा काढला, नवा चष्मा दिला. तोवर मी ते दगड हौदात लिंबाकडच्या भिंतीला टेकवून ठेवले होते, आणि भिंतीवर हिरवी झाक धरली होती. पाणी काचेसारखं राहिलं नव्हतं. दवाखान्यातून येताना रिक्षा मशिदीशी थांबवा, असं अब्बा म्हणाले. मला ते नको होतं. पण थांबलो.

त्यांनी खिशातून कणकेची गोळी काढली, पाण्यावर टकटक केलं. फाटक्या शेपटीचा काळा मासा वर आला. एकटाच. अब्बा वाकून त्याच्याकडे बघत राहिले. चार-पाच वर्षांनी बघत होते. त्याची शेपटी, डोळे, कल्ले, सगळं. मग हिरव्या पाण्यात आणखी कुणी येतंय का, तेही बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मान खाली घालून उभा होतो.

मग ते माझ्याकडे वळले. आधी मासे, मग तुम्ही, असं ते म्हणाले होते. माझ्या तोंडाकडे नाही बघितलं त्यांनी, हातांकडे बघितलं. दोन्ही हात धरून उलटे केले, उजेडात नेले. पांढरे पडलेले, भेगाळलेले तळवे त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितले होते. गेली काही वर्षं त्यांना फक्त वास माहीत होता.

“तुझ्या हातावरबी काय जितं ठेवलं न्हाई रं त्या पावडरीनं,” अब्बा म्हणाले.

आणि खिशातली उरलेली कणीक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मी काठावर बसलो आणि पाण्यावर बोटानं टकटक केलं.